‘हार्दिक शुभेच्छा’वाली रुकमा

रुकमाला सूर नव्हता. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. कुणी विचारलं नाही तरी सांगते. ‘सा’ लाव म्हटलं तर ती तो भलतीकडेच कुठंतरी नेऊन ठेवायची आणि वर माझ्याकडे बघून विचारायची, “झालं का?” मी लहानपणापासून पेटी शिकले, बारावीनंतर पुण्याला मामाकडे राहून गिटारचा क्लास केला. तरीही आमचा बँड आठवणारा माणूस भेटला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ती ओरडणारी मुलगी सध्या कुठं असते?

मी सांगते. हसून सांगते. घरी येईपर्यंत तोंड कडू झालेलं असतं.

बँड तिघांचा होता. गिटारवर मी, ड्रमवर इम्रान, जो एरवी लग्नसराईत बँजो पार्टीबरोबर गावोगाव फिरायचा, आणि गायला रुकमा. आम्ही एकच रेकॉर्ड केली. तिचं नाव ‘हार्दिक शुभेच्छा’. सगळी गाणी मिळून चहा निवायच्या आत संपतात. या संगीताला हार्डकोर पंक म्हणतात. दोन-तीन सूर, धडाधडा कोसळणारे ड्रम, आणि त्यावर गायचं असं नसतंच. नरड्याच्या शिरा ताणून बोलायचं असतं. तेही सरकारबद्दल, पोलिसांबद्दल, पैसेवाल्यांबद्दल. पुण्यात क्लासमधल्या एका मुलानं मला त्याची गोडी लावली. तिथला खर्च झेपेना म्हणून मी पूर्णेला परत आले, वडिलांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहून बी.ए.ला नाव घातलं, तेव्हा माझ्या फोनमध्ये असली गाणी खच्चून भरलेली होती. अख्ख्या परभणी जिल्ह्यात ती ऐकणारी आपण एकटीच, याचा मला केवढा तोरा होता. तो रुकमानं उतरवला, आणि आपण काही उतरवलं हे तिच्या गावीही नव्हतं.

ती माझ्याच वर्गात होती. राणीसावरगावच्या पुढं माळावर त्यांची वस्ती. घरी मेंढरं, थोडीशी कोरडवाहू जमीन, सुगीत दुसऱ्याच्या रानात कामाला जायचं. कॉलेजसाठी ती पूर्णेत मावशीकडे राहायची. उंच, हाडापेरानं मजबूत. खिशात, म्हणजे ड्रेसला मुद्दाम शिवून घेतलेल्या खिशात, कायम भुईमुगाच्या शेंगा. चौघी मिळून कुठं निघालो की रुकमा आपोआप सगळ्यांच्या मागं व्हायची. पुढं चल म्हटलं तर म्हणायची, “मागून समदे दिसतेत.” कुणी बोलत असलं की एक डोळा बारीक करून ऐकायची, त्यामुळं बोलणाऱ्याला आपण काहीतरी खोटं सांगतोय असं वाटायला लागायचं. मला तर नेहमीच वाटायचं.

आमची खरी ओळख स्नेहसंमेलनात झाली. मी स्टेजवर माझं स्वतःचं गाणं म्हणणार होते. दोन महिने तयारी केली होती. पहिलं कडवं सुरू केलं न केलं तोच लाइट गेली. माइक बंद. हॉलमध्ये शिट्ट्या, खुर्च्यांची ओढाओढ, मागची पोरं उठून दाराकडे निघाली. तेवढ्यात सगळ्यात मागून, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या एका मुलीनं आवाज दिला. त्यात शब्द नव्हता. मेंढरं पांगली की त्यांना वळवायला घालतात तशी ती हाळी होती, हे मला पुढं कळलं. पण त्या एका आवाजासरशी अख्खा हॉल खाली बसला. शिक्षक बसले. मीही स्टेजवर होते तिथंच मांडी घालून बसले, गिटार मांडीवर घेऊन.

दुसऱ्या दिवसापासून कॉलेजात त्या हाळीचीच चर्चा. माझं गाणं कसं झालं असतं, ते कुणाला कधी कळलंच नाही.

तिला मी शोधत गेले. का गेले, याचं उत्तर सोपं आहे. असल्या आवाजाची माझ्या संगीताला गरज होती आणि माझा गळा गोड होता. मी तिच्या कानात इअरफोन घातला आणि फोनमधलं सगळ्यात जहाल गाणं लावलं. तिनं डोळा बारीक करून ते शेवटपर्यंत ऐकलं.

“कुणावर चिडलेत हे?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, व्यवस्थेवर.

“म्हंजे कुणावर? नाव काय तेचं?”

इतके दिवस ती गाणी ऐकत होते, पण हा प्रश्न मला पडला नव्हता.

तिला बँडमध्ये यायला फार मनवावं लागलं नाही. इम्रानच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत, जिथं बँजो पार्टीचं सामान ठेवलेलं असायचं, तिथं आम्ही दुपारी जमायला लागलो. गाणी मी लिहून आणायचे. त्यात शोषण होतं, अंधार होता, साखळदंड होते. रुकमा एकेक ओळ वाचायची आणि शेंगा फोडत विचारायची, “ह्यातलं तुला काय झालंय?” ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं असायचं. आणि मला काहीच झालेलं नव्हतं. वडील गार्ड, पगार वेळेवर, क्वार्टरला नळ, आई प्रेमळ. चिडावं असं माझ्या आयुष्यात काही म्हणता काही नव्हतं.

तिच्याकडे होतं. तिच्या वस्तीच्या अंगाला मोठं गायरान होतं. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं तिथं चरायची आणि तिथूनच पलीकडच्या तळ्यावर पाण्याला जायची. एक दिवस त्याला कुंपण पडलं. आत सोलरच्या प्लेटा बसायला लागल्या. तळं समोर दिसत होतं, पण मेंढरांना अख्खी टेकडी वळसा घालून जावं लागायचं. उन्हाळ्यात लहान कोकरं वाटेतच बसायची. त्या भागातल्या एका पुढाऱ्याकडे, ज्याला सगळे नुसतं साहेब म्हणत, रुकमाचे वडील दाद मागायला गेले. आबा म्हणायची ती त्यांना. सोबत रुकमा असायची. दर वेळी दारावरचा माणूस एकच सांगायचा: साहेब बाहेरगावी आहेत. आतून साहेबांचं हसणं ऐकू येत असायचं.

हे सगळं तिनं मला एका दमात, राग न आणता सांगितलं. मी म्हटलं, हेच म्हण. दुसऱ्या दिवशी तिनं म्हटलं. पहिल्यांदा अगदी त्या दारावरच्या माणसाच्या आवाजात, सौम्य, आदबशीर: साहेब बाहेरगावी आहेत. मग, चपला इथं आहेत. गाडी इथं आहे. साहेब बाहेरगावी आहेत. मग इम्रानचे ड्रम आले, आणि तेच शब्द ती असे फेकायला लागली की पत्रा थरथरला. यमक नाही, चाल नाही. माझे हात तारांवरच थांबले.

मला ते गाणं माझं हवं होतं. त्या क्षणी असंही वाटून गेलं की आमचं एखादं गायरान गेलं असतं तर किती बरं झालं असतं. असं वाटल्याची लाज वाटली, पण ती घरी गेल्यावर.

पुढची गाणी तिनं तशीच केली. एका गाण्यात चौकाचौकांतल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर लिहिलेलं असतं तेवढंच होतं: भावी सरपंच, भावी सभापती, भावी आमदार, आणि शेवटी भावी गवत, भावी पाणी. रेकॉर्डचं नावही त्या फ्लेक्सवरूनच आलं. ते मात्र मी सुचवलं होतं. हे मला दर वेळी सांगावं लागतं.

रेकॉर्डिंग आम्ही सेलूला केलं. इम्रानचे मामा तिथल्या एका जिनिंगवर राखणदार होते. उन्हाळ्यात कापसाचा हंगाम संपलेला, मशिनी बंद. मागं राहिलेल्या कापसाच्या गठाणी आम्ही चारही बाजूंनी रचल्या, म्हणजे आवाज पत्र्यावर आपटून परत यायला नको. मध्ये ड्रम, माझा अ‍ॅम्प्लिफायर, एक माइक आणि मागून आणलेला लॅपटॉप. उकाडा असा की गिटारची तार बोटाला भाजायची. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते. दुपार होईतो रुकमाच्या भुवया म्हातारीसारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. ती प्रत्येक गाणं एकदाच म्हणायची. मी म्हटलं, अजून एकदा घेऊ, सुरुवात चुकली. तर म्हणाली, “एकदा सांगितलं की झालं. परत सांगितलं की खोटं वाटतंय.”

एक गाणं माझ्या आवाजात घ्यायचं ठरलं होतं. ते मी कितीतरी वेळा घेतलं. दर वेळी थोडं जास्त सुरात आलं आणि थोडं जास्त बेचव झालं. ऐकून झाल्यावर इम्रान म्हणाला, “हौ, अच्छा हुआ.” हा त्याचा सूर मला ओळखीचा होता. लग्नात नवरीचा भाऊ हौसेनं माइक हातात घेतो, त्याचं गाणं संपल्यावर इम्रान असंच म्हणायचा. मी ते गाणं रेकॉर्डमधून काढलं. रुकमानं विचारलं, तुझं कुठं गेलं? मी म्हटलं, लांबी वाढायली होती. तिनं डोळा बारीक केला.

मुखपृष्ठावर एक शेळी आहे. चौकातला साहेबांच्या गेल्या वाढदिवसाचा फ्लेक्स वाऱ्यानं फाटून खाली लोंबत होता, आणि ती त्यांच्या जॅकेटची बाही चघळत होती. फोटो माझा. पुण्यातल्या त्या क्लासमधल्या मुलानं थोड्या कॅसेट काढल्या आणि गाणी इंटरनेटवर टाकली. कॅसेटच्या मागं बारीक अक्षरात आहे, गिटार: वैशाली. भिंग लागत नाही, पण उजेडात धरावं लागतं.

पहिले काही आठवडे काहीच झालं नाही. मग गंगाखेडकडच्या कुठल्यातरी पोरानं तहसीलच्या बंद खिडकीचा व्हिडिओ काढून त्याला ‘साहेब बाहेरगावी आहेत’ जोडलं. त्यानंतर जिथं दार बंद तिथं रुकमाचा आवाज. बँकेचं दार, डॉक्टरचं दार, रुसलेल्या बायकोचं दार. लोक हसायचे आणि पुढं पाठवायचे. शेवटी साहेबांच्या वाढदिवसाच्या मिरवणुकीत डीजेवाल्यानंच ते वाजवलं. मुद्दाम वाजवलं की चुकून, यावर अजून वाद आहेत. दुसऱ्या दिवशी वस्तीवर जीप गेली. आबांना सांगण्यात आलं की मुलीला घेऊन या आणि कॅमेऱ्यासमोर माफी मागायला लावा.

आबांचा फोन आला तेव्हा मी रुकमाजवळच होते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. म्हणाले, “ये बाई. काय बोलायचं ते तूच ठरीव.”

मीही तिच्यासोबत साहेबांच्या घरी गेले. लोकांना वाटतं मैत्रीसाठी गेले. मैत्री होतीच. पण मला असंही वाटत होतं की काही घडलंच तर ते तिच्या एकटीच्या नावावर घडायला नको.

मी शिव्यांची तयारी ठेवली होती. साहेबांनी चहा मागवला. सुपारी कातरत, मजेत, त्यांनी रुकमाचं कौतुक केलं. माफीचा विषयच काढला नाही. “आवाज लय दमदार हाय तुझा, पोरी. पुढल्या महिन्यात आपला मोठा कार्यक्रम हाय, तिथं वाजवा. स्टेज, लाइट, साउंड, समदं आपलं.” मी खरं सांगते, माझ्या डोळ्यांपुढं ते स्टेज उभं राहिलं. मोठे स्पीकर कुठं ठेवायचे, मी कुठं उभं राहायचं, हेसुद्धा ठरलं.

रुकमा म्हणाली, “मेंढरायला तळ्याकडं जायला वाट पाहिजे.”

साहेब म्हणाले, बघू की, सोलरच्या कंपनीशी बोलावं लागंल.

“बोला,” ती म्हणाली. “आमी बसतो.”

आणि ती बाहेरच्या बैठकीत, साहेबांच्या गळ्यात हार असलेल्या सत्काराच्या मोठ्या फोटोखाली जाऊन बसली. शेजारी आबा, शेजारी मी. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तिला ओळखलं. एकानं फोटो काढला, दुसऱ्यानं काढला, कुणीतरी बाहेर जाऊन सांगितलं. दुपारपर्यंत फाटकाबाहेर एवढी माणसं जमली की साहेबांना बाहेरगावी जाणंसुद्धा अवघड झालं. आबा फेटा सोडून परत बांधत होते, परत सोडत होते. रुकमा शेंगा खात होती आणि टरफलं नीट ओढणीत गोळा करत होती. उन्हं कलायला लागली तेव्हा साहेबांनी कंपनीच्या माणसाला बोलावून घेतलं.

गायरान परत मिळालं नाही. मिळाली ती कुंपणाच्या कडेनं तळ्यापर्यंत एक पट्टी, मेंढरं रांगेनं जातील एवढीच. साहेबांनी रुकमाबरोबर फोटो काढून घेतला आणि लोककलेला आमचं प्रोत्साहन म्हणून सगळीकडे पाठवला. त्यात ती कॅमेऱ्याकडे असं बघतेय की फोटो ठेवावा की पुसावा हे साहेबांच्याच लोकांना कळलं नसेल. उजव्या कडेला एक कोपर दिसतं. ते माझं.

मग पुण्याहून बोलावणं आलं. आमचा पत्ता म्हणून सगळीकडे माझाच होता, त्यामुळं निरोप मला आला. चार-पाच शहरांत कार्यक्रम होते. वाजवणारे त्यांच्याकडे तयार होते. त्यांना फक्त गाणारी हवी होती. मी स्टेशनवरच्या बाकावर बसून तो निरोप रुकमाला शब्द न् शब्द वाचून दाखवला.

“तुझं नाव न्हाई त्यात?” तिनं विचारलं.

“नाही.”

“इम्रानचं?”

“त्याचंही नाही.”

मनमाडकडची एक मालगाडी बराच वेळ समोरून जात राहिली. ती गेल्यावर रुकमा म्हणाली, “मग मी जाऊ?”

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. तुम्हां दोघांशिवाय नाही जायची, असं काहीतरी. मी जा म्हटलं, आणि ती गेली. इम्राननं तिला गाडीत बसवून दिलं, वर वडापाव घेऊन दिला. त्याला काहीच वाटलं नाही. त्याला काही कसं वाटलं नाही, म्हणून मला त्याचाही राग आला.

त्या कार्यक्रमांचे व्हिडिओ मी इतक्यांदा पाहिलेत की कुठल्या गाण्यात कोण पहिल्या रांगेत उभं आहे तेही सांगू शकेन. खच्चून भरलेले हॉल. कुणाच्या दारात कधी ताटकळलेली नसतील अशी गोरीगोमटी मुलं घसा फाडून ओरडतायत, चपला इथं आहेत, गाडी इथं आहे. मधोमध रुकमा, हात मागं बांधून, नांगरासारखी रोवलेली. तिच्या डाव्या बाजूचा गिटारवाला माझ्यापेक्षा चांगला होता. हे मला पहिल्याच व्हिडिओत कळलं, तरी मी बाकीचे पाहिले.

ती परत आली ती कायमचीच. पुढच्या वर्षीसाठी पुन्हा विचारणा झाली, परदेशातल्याही एका कार्यक्रमाची बोलणी चालली होती. तिनं नाही सांगितलं. मी काहून म्हणून विचारलं, जरा चढ्या आवाजातच विचारलं.

“वाट झाली की,” ती म्हणाली. “आता तेच्याच नावानं रोज रोज काय वरडायचं? आन् तिथली पोरं हसायलीत त्याला. नाचायलीत.”

मी म्हटलं, दुसरं काहीतरी म्हण. गावात चिडण्यासारखं कमी आहे का?

“हाय की. पण आता चिडले तर तिथं जाऊन भांडंन. गाणं कशाला?”

इतकं सोपं. डोक्यावरचा भारा बांधावर उतरवून माणूस पाणी प्यायला जातो, तसं तिनं ते उतरवून ठेवलं. जे मला आयुष्यभर हवं होतं ते तिच्या हातात आलं आणि तिनं ते खाली ठेवलं. तिनं ते टिकवलं असतं तर मी तिला कदाचित माफ केलं असतं. माफ म्हणजे कशाबद्दल, ते विचारू नका.

त्यानंतर तिनं जनावरांच्या दवाखान्यातल्या कामाचा डिप्लोमा केला. लग्न झालं, वस्तीपासून जवळच दिलं. मी परभणीला शाळेत संगीत शिकवते. वार्षिक कार्यक्रमात मुलांकडून प्रार्थना आणि स्वागतगीतं बसवून घेते. मुलं सुरात गातात.

मागच्या हिवाळ्यात मुंबईहून एका मासिकवाल्याचा फोन आला. त्यांना ‘हार्दिक शुभेच्छा’वर मोठा लेख करायचा होता आणि रुकमा फोन उचलत नव्हती. गाठ घालून द्याल का, त्यानं विचारलं. तुमच्याशीही बोलूच, असंही म्हणाला. रविवारी मी एस.टी.नं राणीसावरगावला गेले आणि तिथून जीपनं तिच्या सासरच्या वस्तीवर. रुकमा मेंढरांच्या वाडग्यात होती. मेंढ्यांना देवीची लस टोचायचं काम चाललं होतं. एकेक मेंढी गुडघ्यात दाबून धरायची, लोकर बाजूला सारून सुई द्यायची, सोडायची. मला बघून तिला आनंद झाला. पण हात थांबले नाहीत.

“एवढी उरकू दे वैशे, मग बोलू,” ती म्हणाली. आणि मी नुसती उभी आहे म्हटल्यावर, “रिकामी हायस तर धर की जरा.”

मी साडी खोचली आणि धरलं. पहिली मेंढी माझ्या हातून निसटली, दुसरीनं मला भिंतीवर ढकललं. रुकमानं दाखवलं, मान नाही, जबड्याखाली धर. मग जमायला लागलं. मी धरायची, ती टोचायची. मध्ये मासिकाचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तूच सांग तेला, तुला समदं आठवतंय. ते खरं होतं. मला सगळं आठवतं.

शेवटची मेंढी सोडली तोवर माझ्या जीपची वेळ झाली होती. हातपंपावर हात धुऊन मी निरोप घ्यायला वळले, तर एक म्हातारेबुवा काठी टेकत आत आले होते. सोबत आणलेली त्यांची मेंढी खाली बसून होती, चारा खात नव्हती. त्यांना ऐकायला फारच कमी येत होतं. त्यांच्या सुनेनं फाटकातूनच ओरडून ते सांगितलं. रुकमा मेंढीजवळ बसली, तिचं पोट चाचपलं, डोळ्याची पापणी उलटून बघितली. मग उठली. म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून खाली वाकली, तोंड अगदी त्यांच्या कानाला लावलं, आणि काहीतरी सांगायला लागली. हळू सांगत होती, एकेक शब्द सोडत. म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले. मान हलली. परत हलली. मग ते हसले, आणि तीही हसली.

मी फाटकात उभी होते, फार लांब नव्हते. जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी कान देऊन ऐकलं. पण मला एकही शब्द ऐकू आला नाही.